शमादान (पुराणवस्तू)

मेणबत्ती उभी धरण्याचे साधन. त्यास मेणबत्तीदान असेही म्हणतात. ते बहुधा धातूचे, क्वचित काच, चिनी माती वा लाकूड यांचे असते. ‘शमादान’ हा शब्द अरबी ‘शमअ’ (मेण, मेणबत्ती) आणि फार्सी ‘दान’ यांपासून झाला आहे. मराठीतील ‘समई’ हा शब्दही याच मुळातून आला असावा, असे एक मत आहे. दुसरे मत त्याचे मूळ संस्कृतात शोधते. समईत तेल-वात असते, मेण नसते, हा पहिल्या मतावरील आक्षेप होय. तथापि ‘शमा’चा अर्थ विस्तारून दिव्यापर्यंत पोहोचतो, हे पाहता तो निर्णायक वाटत नाही.

बैठक, दांडा, मेण झेलणारी थाळी आणि मेणबत्ती धरणारा भाग ही शमादानाची प्रमुख अंगे. मेणबत्ती टोकदार खिळ्यावर रोवण्याची पद्धत यूरोपात मध्ययुगात रूढ होती व चर्चच्या वेदीवर ती पुढेही टिकली. घरगुती वापरात मात्र नळीसारख्या खोबणीने तिची जागा घेतली. खिळ्याच्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथील मठासाठी ओतलेले शमादान. ते १८६१ मध्ये सोल्टिकॉफ संग्रहाच्या पॅरिस येथील विक्रीतून लंडनच्या संग्रहालयाने (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) घेतले.

कालनिर्णय : केवळ आकारावरून शमादानाचा काळ ठरविणे धोक्याचे असते, कारण लोकप्रिय घाट शतकानुशतके पुन्हा ओतले गेले. दांड्याच्या मध्यावर रुंद थाळी असलेला डच घाट ‘हेम्सकेर्क’ या नावाने ओळखला जातो. १५९६–९७ चा हिवाळा आर्क्टिक महासागरातील नोव्हाया झेमल्या बेटावर काढलेल्या डच मोहिमेतील याकोप व्हान हेम्सकेर्क याच्यावरून हे नाव पडले. तेथील निवाऱ्यातील सामान १८७१ मध्ये सापडले आणि त्यात शमादानेही होती. असा निश्चित कालसंदर्भ फार थोड्या घाटांना लाभला आहे.

इंग्लिश पितळी शमादानांत जोडकामाचा पुरावा अधिक उपयोगी पडतो. सु. १६७० पर्यंत दांडा सामान्यतः भरीव ओतीत. त्यानंतर तो दोन उभ्या अर्धांत ओतून डाखाने जोडण्याची पद्धत आली. त्यामुळे धातूची बचत झाली आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंस बारीक उभी रेघ राहिली. श्वास सोडून धातूवर बाष्प धरले की ही रेघ सहसा उमटून दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गाभा घालून पोकळ दांडा एकसंध ओतला जाऊ लागला व रेघ नाहीशी झाली. फ्रान्समध्ये १६८५ मध्ये नांतचा फर्मान (प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा) रद्द झाल्यावर इंग्लंडात आलेल्या ह्यूगनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) कारागिरांनी ही जोड-पद्धत आणली, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. चांदीकामावरील त्यांचा प्रभाव निर्विवाद आहे. पितळेबाबत मात्र पद्धतीचा आरंभ याहून थोडा आधीचा दिसत असल्याने ते श्रेय जपूनच द्यावे लागते. दांडा बैठकीत घालून खालून ठोकून पसरविलेला असणे हे जुनेपणाचे, तर आटे पाडून बसविलेला असणे हे बहुधा नंतरच्या नकलेचे लक्षण मानतात.

काळ ठरविण्यासाठी धातूचे पृथक्करणही करतात. तांबे व कॅलमाइन (जस्ताचे खनिज) एकत्र तापवून केलेल्या पितळेत जस्ताचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांच्या पुढे जात नसे. इंग्लंडमधील विल्यम चॅम्पियन याने जस्त ऊर्ध्वपातनाने काढण्याचे पेटंट १७३८ मध्ये मिळविले (राजस्थानातील जावर येथे ही विद्या कित्येक शतके आधीपासून होती). त्यानंतर हे प्रमाण वाढविणे सोपे झाले. परंतु तांब्याचे कण करून वापरण्याच्या १७२३ च्या पेटंटाने जुन्या पद्धतीतही ते ३३ टक्क्यांपर्यंत नेता येई. म्हणून जस्त अधिक आहे एवढ्यावरून वस्तू १७३८ नंतरची ठरत नाही.

चांदीच्या शमादानांवर शुद्धता व वर्ष दर्शविणारे शिक्के असल्याने प्रश्न सोपा होतो. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडात ९२.५ टक्क्यांऐवजी ९५.८४ टक्के शुद्धतेची चांदी सक्तीची होती. १७७३ मध्ये शेफील्ड व बर्मिंगहॅम येथे परीक्षण-कार्यालये (चांदीची शुद्धता तपासून शिक्का मारणारी) निघाली. शेफील्डला पातळ पत्र्याची, आत राळ भरून जड केलेली शमादाने मोठ्या प्रमाणावर झाली. ती वजनावर घेणारा फसतो, म्हणून लिलावाच्या सूचिकेत ‘भरणयुक्त’ असा उल्लेख करतात.

लिलाव : सॉदबीज (स्थापना १७४४) व क्रिस्टीज (१७६६) या लंडनच्या पेढ्यांपासून गावोगावच्या विक्रीदालनांपर्यंत शमादाने नियमित येतात. जुळता जोड सुट्या दोन नगांच्या बेरजेहून अधिक किंमत आणतो. सूचिकेत ‘जॉर्ज तिसरा’ म्हणजे त्या इंग्लिश राजाच्या कारकिर्दीतील वस्तू, तर ‘जॉर्ज तिसरा शैलीतील’ म्हणजे बहुधा नंतरची नक्कल. नवख्याची चूक याच एका शब्दात होते. खोबणीची दुरुस्ती, विजेच्या दिव्याच्या तारेसाठी बैठकीला पाडलेले भोक आणि अति घासल्याने पुसट झालेले शिक्के यांमुळे बोली उतरते.

भारतात १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुन्या कारागिरीच्या वस्तू पुराणवस्तू ठरू शकतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो व खाजगी निर्यातीस बंदी आहे. मुंबईच्या चोरबाजारात इंग्लिश घाटाची पितळी शमादाने दिसतात, पण त्यांत अलीकडे ओतलेली पुष्कळ असतात. गोव्यातील चर्चच्या वेदीवरील शमादानांची परंपरा पोर्तुगीज वळणाची व वेगळी आहे.