गेम ऐकत नाही, हजेरी घेतो

टीव्हीवरचा गेम खेळून खरीखुरी गिटार येते का, असं सांगली-मिरजेत कुणाला विचारलं की एक जण म्हणतो "छ्या, असं कुठं असतंय व्हय" आणि दुसरा म्हणतो "लय भारी, क्लासची फी वाचली", आणि दोघांनीही टीव्हीच्या मागं गिटारच्या त्या वायरीतून नेमकं काय जातंय ते बघितलेलं नसतं. खरं तर सगळी गंमत तिथंच आहे.

आधी एक घोळ मिटवू. 2005 साली आलेला गिटार हिरो हा गेम बऱ्याच जणांना आठवत असेल, त्यात हातात प्लॅस्टिकचं खेळणं आणि त्यावर पाच रंगीत बटणं. ते कितीही सफाईनं जमलं तरी खऱ्या गिटारवर त्याचा उपयोग फक्त तालापुरता, कारण बटण दाबलं की नाही एवढंच मशीनला कळतं आणि सूर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. 2010 मधे रॉक बँड 3 या गेमवाल्यांनी जरा पुढं जाऊन 102 बटणांची गिटार काढली, सहा तारा गुणिले सतरा फ्रेट (म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आणि नंतर खऱ्या तारांची, बोट कुठं ठेवलंय ते फ्रेटबोर्डच्या आतूनच ओळखणारी फेंडर कंपनीची एक स्क्वायर गिटारसुद्धा आली. पण महाग आणि खास त्या गेमसाठीच बनवलेली. मग 2011 मधे युबिसॉफ्ट कंपनीचा रॉकस्मिथ हा गेम आला आणि त्यानं सगळं सोपं करून टाकलं, तुमची असेल ती इलेक्ट्रिक गिटार घ्या, एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली केबल लावा, आणि वाजवा. सांगलीतल्या विश्रामबागेत राहणारा माझा भाचा याच गेमवर शिकला, त्यामुळं हे सगळं जवळून बघायला मिळालं.

आता वायरीतून जातं काय? इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतं, म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, क्षेत्र हललं की वेढ्यांत वीज तयार होते, फॅरडेनं 1831 मधे दाखवलं तेच. नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर पिकअपच्या दृष्टीनं तिथं कुणी वाजवतच नाहीये. ही इवलीशी वीज केबलमधली चिप सेकंदाला 48,000 वेळा मोजते आणि आकडे करून गेमकडं पाठवते. म्हणजे गेमपर्यंत ना तुमचं बोट पोचतं ना तार, पोचते ती आकड्यांची एक लांबलचक रांग. त्या रांगेतून "हा कुठला सूर" हे काढायचं.

मोकळी जाड तार सेकंदाला 82.4 वेळा कंप पावते. तिच्याच पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की 87.3. फरक जेमतेम पाच हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाच कंपनं. आता आवाजातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं जे नेहमीचं गणित आहे, फूरिये नावाच्या गणितज्ञाचं, त्याचा एक कडक नियम आहे की पाच हर्ट्झचा फरक ओळखायचा तर साधारण एक पंचमांश सेकंद आवाज ऐकावाच लागतो, त्याहून कमी ऐकलंत तर दोन्ही सूर एकमेकांत मिसळून जातात. जरा वेगवान गाण्यात तेवढ्या वेळात वाजवणारा पुढच्या नोटवर गेलेला असतो! म्हणून मग दुसरी युक्ती करतात, लाटेचीच एक कॉपी करायची, ती थोडी थोडी पुढं सरकवत मूळ लाटेवर ठेवायची आणि कुठं नीट जुळते ते बघायचं. जिथं जुळली तेवढाच एका कंपनाचा वेळ. जाड तारेचं एक कंपन बारा मिलिसेकंदांत होतं, त्यामुळं दोन-तीन कंपनांत काम होऊन जातं.

पण खरी चलाखी वेगळीच आहे. कुठलाही आवाज ऐकून तो कुठला सूर ते ओळखणं अवघड, सहा तारा एकदम वाजल्या तर फारच अवघड. गेमला मात्र हे करायचंच नसतं, कारण गाणं त्यानंच लावलेलं असतं आणि या क्षणी कुठला सूर यायला पाहिजे हे त्याला आधीच माहीत असतं. वर्गात हजेरी घेणारे मास्तर चाळीस पोरांच्या कालव्यातून आवाज ओळखत बसत नाहीत, नाव पुकारतात आणि "हजर" आलं की टिक करतात, तसंच हे. अपेक्षित फ्रिक्वेन्सीच्या आसपास पुरेसा जोर आहे का, आणि वेळेत आहे का, एवढे दोनच प्रश्न. त्यामुळं साध्या कॉम्प्युटरवर, कुठलाही खास सेन्सर न लावता, हे काम इतकं झकास चालतं.

आणि हजेरीत जसं प्रॉक्सी चालतं तसं इथंही चालतं. गिटारच्या तारांची नावं जाडीकडून बारकीकडं ई, ए, डी, जी, बी आणि परत ई. मोकळ्या बी तारेचा सूर 246.94 हर्ट्झ, पण अगदी तोच सूर जी तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, डी च्या नवव्यावर मिळतो, ए च्या चौदाव्यावर आणि जाड ई च्या एकोणिसाव्यावर पण. केबलमधून एकच मिसळलेला सिग्नल येतो, तार कुठली होती हे त्यात लिहिलेलं नसतं, त्यामुळं स्क्रीनवर सांगितलंय एक आणि पोरगं वाजवतंय भलतीकडं, तरी मार्क मिळू शकतात. कॉर्डमधे, म्हणजे बरेच सूर एकदम वाजवताना, तर अजून मजा. जाड ई तार नुसती 82.41 वर हलत नाही, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर सोबत येतात, आणि तिप्पट म्हणजे 247.22. बी तारेपासून पाव हर्ट्झ लांब! म्हणजे ई मेजर ही कॉर्ड वाजवताना बी तार चुकून दबली, मुकी राहिली, तरी तिच्या जागी जाड तारच "हजर" म्हणून जाते. बोट फ्रेटपासून लांब ठेवल्यामुळं तार खरखरली तरी सूर साधारण तोच राहतो, तेही चालून जातं. मनगट वाकडं, अंगठा भलतीकडं, खांदा कानापर्यंत चढलेला, यातलं काही वायरीतून जात नाही. क्लासमधे पहिल्या आठवड्यात ज्या गोष्टींवरून ओरडा बसतो नेमक्या त्याच.

उशिराचा पण एक मुद्दा आहे, थोडक्यात सांगतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद उशीर हा स्पीकर साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखा, तो कुणाला जाणवत नाही. पण टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, एचडीएमआयमधून आवाज पण जरा रेंगाळतो, आणि ही बेरीज शंभर मिलिसेकंदांच्या आसपास गेली की आपण तार छेडल्यावर आवाज मागून आल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप ढिला पडतो. त्यामुळं टीव्ही गेम मोडवर टाका, आवाज साध्या वायरीतून घ्या, आणि ब्लूटूथ हेडफोनचा नाद सोडा.

मग इतक्या पळवाटा असताना पोरं शिकतात कशी? शिकतात हे खरं आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय त्या अवघडपणा आपोआप बदलण्याला आहे. रॉकस्मिथ पहिल्यांदा गाण्यातल्या मोजक्याच नोट देतो, त्या जमल्या की मधल्या जागा भरत जातो, चुकायला लागलात की गुपचूप कमी करतो. सारखं जमलं तर माणूस कंटाळतो, सारखं चुकलं तर गिटार पलंगाखाली जाते, त्या दोन्हींच्या मधे ठेवायचं काम माणसातला चांगला मास्तर करतो आणि हा गेम पण बऱ्यापैकी करतो. शिवाय अवघड तुकडा हळू करून परत परत वाजवायची सोय आहे, आणि ती न चिडता. भाच्याला एकच तुकडा संध्याकाळभर घासताना मी बघितलाय, कुठलाही मास्तर तिथं उठून चहाला गेला असता.

झोपेचं पण सांगायला पाहिजे कारण हा गेम पोरं रात्री दोन-दोनपर्यंत खेळतात. 2002 मधे झोपेवर संशोधन करणारे मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठराविक क्रमानं बटणं दाबायला शिकवली, आणि मधे एक रात्र झोप मिळाल्यावर काही जास्तीचा सराव न करता त्यांचा वेग सुमारे 20 टक्के वाढला, नुसतेच तेवढे तास जागं राहून तसं झालं नाही. त्यामुळं "अजून एकदा, अजून एकदा" करत पहाटेपर्यंत बसणाऱ्याला आई दिवे बंद करून झोपवते तेव्हा ती विज्ञानाच्याच बाजूनं असते.

आता दुखणं. स्क्रीन बंद केली आणि म्हटलं वाजव बघू आता तेच गाणं, तर कितीतरी पोरांचा हात पहिल्या दोन ओळींतच थांबतो. याला शिकण्याच्या शास्त्रात जुनं स्पष्टीकरण आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी 1984 मधे तोपर्यंतचे बरेच प्रयोग एकत्र तपासून मांडलं होतं की प्रत्येक वेळी लगेच चूक-बरोबर सांगितलं तर सराव करताना माणूस झपाट्यानं सुधारल्यासारखा दिसतो, पण ते सांगणं काढून घेतल्यावर मागं पडतो, कारण स्वतःची चूक स्वतः ओळखायचं काम त्यानं कधी केलेलंच नसतं. गेम तर प्रत्येक नोटला सांगतो, आणि वर पुढची नोट समोरून चालत येताना दाखवतो पण. सगळं लक्ष डोळ्यांकडं जातं, कान रिकामे बसतात. बनवणाऱ्यांना हे ठाऊक असावं, कारण 'रॉकस्मिथ 2014' या आवृत्तीत मास्टर मोड आहे, गाणं पक्कं होत गेलं की स्क्रीनवरच्या नोट हळूहळू गायब होतात आणि आठवणीवर वाजवावं लागतं. माझ्या मते अख्ख्या गेममधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच, आणि मार्क कमी होतात म्हणून पोरं सगळ्यात आधी बंद करतात ती पण तीच. करायचं काय तर एखादी खेप स्क्रीनकडं पाठ करून वाजवायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची, ऐकायची, आणि कुठं चुकलं ते गेमला विचारायच्या आधी आपण सांगायचं.

आणि ऐकण्याचंच म्हणाल तर सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज आहे, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मधे जीआय मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात कारागीर जवारी काढताना बघा, घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, माथा किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत किंचित घासायचं. इथं सूर बदलत नसतो, बदलतो तो त्या सुराचा पोत, म्हणजे वरच्या सुरांपैकी कुठले किती जोरात येणार ते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मधे तंबोऱ्यावर आणि वीणेवर लिहिलं होतं की साध्या तारेला ज्या जागी छेडल्यावर काही वरचे सूर गायब व्हायला पाहिजेत तिथं छेडूनसुद्धा या वाद्यांत ते सूर येतात, कारण तार त्या सपाट-गोलसर घोडीला सारखी स्पर्श करत असते. हजेरी घेणाऱ्या गेमला जवारी लागलेला तंबोरा आणि न लागलेला तंबोरा दोन्ही सारखेच हजर.

सूर मोजण्याचं वेड पण आपल्याकडं जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर तारेच्या लांबीवर मोजून बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक पायऱ्यांचं, गणित 1910 मधे छापलं होतं, कॉम्प्युटर नाही की माइक नाही. त्यात गिटारवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक भानगड आहे. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, नीट लागला की त्यातून आपोआप एक गंधार (ग) ऐकू येतो, तो मूळ तारेच्या बरोबर पाचपट कंपनांचा. गिटारचे फ्रेट मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेले असतात, त्यामुळं तिचा गंधार या आपोआप आलेल्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो, एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. भाच्यानं एकदा तंबोऱ्याच्या ॲपवर तो गंधार नुसता कानानं पकडून गिटारची तार त्याला जुळवली, आणि मग गेम लावला. गेम म्हणाला तार उतरलीय, आधी ट्यून करा.