पिंप स्टीलचं, तोटी पितळेची

उसाच्या रसाचं व्हिनेगर घरी करायचं म्हटलं की माणूस पिंप पारखून घेतो. तोटी मात्र कोपऱ्यावरच्या नळाच्या दुकानातून मिळेल ती आणून बसवतो. गडबड होते ती तिथेच. (बिअरचा विचार करत असाल तर आपल्याकडे विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे. धातूंचं रसायन मात्र दोन्हीकडे सारखंच.)

रसातल्या साखरेचं आधी यीस्ट अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं ॲसिटिक आम्ल करतात. तयार व्हिनेगरचा पीएच ३ च्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच आम्लधर्मी, आणि ते तोटीच्या पोटात महिनोन्महिने साचून राहतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण तोटीला आतून कल्हई कोण करतो?

त्यात तोटीचं पितळ नुसतं तांबं-जस्ताचं नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या लेथपाशी उभं राहून बघा. स्टीलचा कीस लांब वेटोळी घेत निघतो, पितळेचा मात्र बारीक भुगा उडतो. ही करामत शिशाची. लेथवर झटपट कापलं जावं म्हणून अशा पितळेत ३ टक्क्यांपर्यंत शिसं घालतात. ते पितळेत विरघळत नाही, सूक्ष्म कणांच्या रूपात अडकून राहतं. कापताना हत्यार ते पृष्ठभागावर फासत जातं, त्यामुळे नव्याकोऱ्या तोटीतूनच हे विषारी शिसं जास्त सुटतं.

परदेशातले घरगुती बिअरवाले यावर एक उपाय करतात: दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड यात पितळ लोण्यासारखं पिवळं होईपर्यंत बुडवायचं. वरचं शिसं निघून जातं. पण व्हिनेगरच्या पिंपाला याचा काय उपयोग? आम्ल पितळ खात राहणार आणि खालचं शिसं उघडं पडत राहणार. तिथे पितळ नकोच. जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) फिटिंगही नको, त्याचं जस्त आम्लात सरळ विरघळतं.

चकाकीवर जाऊ नका. निकेल चढवलेली पितळी तोटी हुबेहूब स्टीलसारखी दिसते. आट्यांवर कानस फिरवली की पिवळा रंग उघडा पडतो.

स्टील घ्यायचं ते ३०४ जातीचं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर त्याला राखतो, आणि ओरखडा गेला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, त्यावर विसंबू नका. स्वस्तातल्या २०२ जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, उलट ठोकून-वाकवून घडवलेल्या ३०४ ला थोडा चिकटतो. त्यापेक्षा व्हॉल्व्हच्या अंगावरचा ठसा वाचा. ओतीव व्हॉल्व्हवर ‘सीएफ८’ असेल तर तो ३०४ चा भाऊ, ‘सीएफ८एम’ म्हणजे ३१६, ही त्याहून वरची जात. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीवाल्यांच्या गावात हे समजावून सांगणारं कुणीही भेटेल. धुताना ब्लीच वापरू नका, क्लोराइडमुळे चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात.

नळीला बागेचा पाइप चालणार नाही. तो पिण्यासाठी केलेला नसतो, आणि मऊ पीव्हीसीतली प्लॅस्टिसायझर्स (प्लॅस्टिक मऊ ठेवणारी रसायनं) पेयात उतरू शकतात. फूड ग्रेड सिलिकॉनची नळी उकळतं पाणीही सोसते. तिच्यातून ऑक्सिजन आत झिरपतो म्हणून बिअरवाले नाकं मुरडतात. व्हिनेगरच्या जिवाणूंना तर तो हवाच असतो.