रिफॉर्मर पिलाटेसनं मसल लांब होतात म्हणे!

आमच्या टिळकवाडीतल्या वहिनी परवा सांगत होत्या, रिफॉर्मरवर, म्हणजे पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या स्प्रिंगा न् सरकती गाडी असलेल्या मशीनवर, मसल लांब न् सडपातळ होतात, जिमसारखे फुगत नाहीत. खरं नव्हे बघा हे. मसल दोन्ही टोकांना हाडाला चिकटलेला, तो लांब होऊन जाणार कुठं? स्प्रिंगच्या ताणानं ताकद येते, लवचिकपणा वाढतो, पोटापाठीला बळ आलं की माणूस ताठ उभारतो न् उंच दिसतो, एवढंच. गंमत म्हणजे प्लँकला, म्हणजे हातापायांवर अंग ताठ धरून राहताना, स्प्रिंग कमी केली की उलट अवघड होतं, खालची गाडी सुळकन सरकते न् पोट थरथरतं. बायकांचाच व्यायाम म्हणणाऱ्यांनो, हा व्यायाम काढणारा जोसेफ पिलाटेस स्वतः बॉक्सिंग करायचा की ओ! वजनाचं म्हणाल तर धावण्याएवढ्या कॅलरी ह्यात जळत नाहीत, त्यात वहिनींचा कुंदा, ती बेळगावची गोड मिठाई, चालूच.