गाव आणि स्टेशन यांमधले अंतर : नाशिकच्या शहर वाहतुकीची पार्श्वभूमी

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि तिची स्वतःची बससेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. मधल्या जवळपास ३९ वर्षांत कोणत्या शिवारात वस्ती वाढू द्यायची आणि कोणता रस्ता किती रुंद ठेवायचा, हे प्रामुख्याने महापालिकेच्या हाती होते. त्या वस्तीपर्यंत बस जाईल की नाही, हे मात्र राज्य परिवहन महामंडळ ठरवत होते. नाशिकच्या वाहतुकीविषयी बोलताना अरुंद रस्ते, बेशिस्त रिक्षा आणि वाढती वाहने यांचा उल्लेख हमखास होतो, परंतु जमिनीचा निर्णय एकाकडे आणि बसचा निर्णय दुसऱ्याकडे, ही विभागणी त्या सर्वांहून जुनी आणि अधिक परिणामकारक आहे.

प्रश्नाची सुरुवात त्याही आधी, रेल्वेपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नाशिकच्या परिसरातून गेला, तो मूळ गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. तिथल्या स्थानकाला ‘नाशिक रोड’ म्हणतात. या नावातला ‘रोड’ हा शब्दच सांगतो, की गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. हे अंतर तोडण्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. तिच्या उभारणीत सल्लागार असलेले अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावारूपाला आले. मेन रोडवरून निघणारी ही ट्राम तेव्हाच्या ओसाड माळरानातून आणि झाडीतून स्टेशनपर्यंत जात असे. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत तोटा साचत गेला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आजच्या नाशिककरांपैकी फार थोड्यांना आपल्या शहरात कधी काळी ट्राम होती हे ठाऊक असते, आणि याचे नवल वाटू नये, कारण तिच्या मार्गाची खूणही शिल्लक राहिलेली नाही.

दरम्यान स्टेशनच्या बाजूला दुसरेच गाव उभे राहत होते. १९२० च्या दशकात नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस आली; पलीकडे देवळालीची लष्करी छावणी आधीपासून होती. १९६० च्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत झाली, त्यानंतर अंबडला. कामगारांच्या घरांसाठी सिडको या नगरविकास महामंडळाने नवीन नाशिक वसवले; त्या भागालाही लोक सिडकोच म्हणतात. म्हणजे गोदावरीच्या दोन्ही काठांवरचे जुने नाशिक आणि पंचवटी, दक्षिण-पूर्वेला नाशिक रोड आणि देवळाली, पश्चिमेला सातपूर व सिडको, असे हे शहर निरनिराळ्या कारणांनी वसलेल्या वस्त्यांचे झाले. १९८२ मध्ये नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून सुमारे २५९ चौरस किलोमीटरची महापालिका स्थापन झाली. नकाशावर या वस्त्या एका सीमारेषेच्या आत आल्या, पण त्यांच्या मधली शेते तशीच राहिली.

अशा विखुरलेल्या शहरात बस चालवणे मुळातच महाग असते, कारण सकाळी गाड्या कारखान्यांच्या दिशेने भरून जातात आणि परतताना रिकाम्या येतात. एसटीचे खरे काम गावांना तालुक्याशी आणि तालुक्यांना जिल्ह्याशी जोडण्याचे. शहर बससेवा हे तिच्यावर आलेले जादा ओझे होते. थोड्या थोड्या अंतरावर थांबे, संथ वेग आणि कमी भाडे यांमुळे शहरी फेऱ्या तोट्यात जात, आणि तो तोटा महामंडळालाच सोसावा लागे. त्यामुळे फेऱ्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे त्याचा कल राहिला, याचा दोष एकट्या महामंडळाला देणे अन्यायाचे होईल. महापालिकेलाही नव्या ले-आउटला, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्याला, मंजुरी देताना बसचा हिशेब मांडावा लागत नव्हता. १९९१ मध्ये ६.५७ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १४.८६ लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः कडेच्या शिवारांत, बसच्या थांब्यापासून दूर झाली. तिथल्या माणसाने एक तर दुचाकी घेतली किंवा सीटवर चालणारी रिक्षा धरली. निमाणी, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार आणि नाशिक रोड या ठिकाणांना जोडणाऱ्या शेअर रिक्षांचे जाळे कोणत्याही आराखड्यात नव्हते, तरीही शहराची खरी सार्वजनिक वाहतूक दीर्घकाळ तेच होते.

रस्त्यांवरचा मोठा खर्च मात्र सिंहस्थाच्या निमित्ताने होत राहिला. २००३ आणि २०१५ या दोन्ही कुंभमेळ्यांच्या तयारीत रस्ते, पूल आणि वळणमार्ग यांना निधी मिळाला. तो काही आठवड्यांच्या गर्दीसाठी होता, रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या गरजेतून आलेला नव्हता. मुंबई-आग्रा महामार्गावरील उड्डाणपुलाने थेट जाणारी वाहने वर नेली, पण जिथे पुण्याचा रस्ता महामार्गाला मिळतो त्या द्वारका चौकाची कोंडी कायम राहिली.

२०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘मेट्रो निओ’ला मंजुरी दिली. रबरी टायरवर, वरच्या विद्युत तारेवर धावणारी ही जोडबस पूर्ण मेट्रोपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने मध्यम आकाराच्या शहराला परवडेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला. तिचा मुख्य मार्ग गंगापूरकडून नाशिक रोड स्थानकापर्यंत आखलेला होता. घोषणेनंतरची वर्षे मंजुऱ्यांच्या प्रतीक्षेत गेली.

२०२१ मध्येच ‘सिटीलिंक’ नावाने सुरू झालेली महापालिकेची बस मात्र प्रत्यक्षात धावू लागली. तिच्या गाड्या खासगी ठेकेदारांच्या आहेत. महापालिका त्यांना किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे घेते. या रचनेत गाडी रिकामी धावली तरी ठेकेदाराचा दर चुकत नाही, आणि तूट थेट पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसते. ले-आउट मंजूर करणाऱ्या संस्थेलाच आता दूरच्या फेरीचा खर्चही भरावा लागतो.