खराऱ्याच्या दातांवरून फिरणारा नायटा

घोड्याला खाज सुटली की माणसाचा हात आपसूक खराऱ्याकडे, म्हणजे अंग घासायच्या दातेरी ब्रशाकडे जातो. चार हात मारले की घोडा मान लांबवतो, वरचा ओठ थरथरवतो, आणि त्याला बरं वाटलं याचं आपल्यालाही समाधान वाटतं. पण ती खाज नायट्याची असेल, तर त्याच चार हातांत रोग तंगाखालून, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याखालून, पाठीवर गेलेला असतो. तोच खरारा शेजारच्या ठाणावर, म्हणजे शेजारचा घोडा बांधतात तिथे, वापरला, की तिथलाही घोडा दोन-तीन आठवड्यांत अंग घासू लागतो.

म्हणून आधी खाज कशाची ते ओळखायचं. घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ रक्त येईपर्यंत घासतोय, आणि त्रास चिलटांच्या दिवसांत वाढतोय, तर ती बहुधा चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असते. ती एका घोड्याकडून दुसऱ्याला लागत नाही. नुसतं शेपटीचं मूळ झिजत असेल, तर गुदद्वाराभोवती अंडी घालणाऱ्या जंतांचा संशय घ्यावा. पायांवर दाट केस असलेला घोडा रात्रभर पाय आपटत असेल, तर घोट्याच्या मागच्या बाजूला खरजेचे किडे असू शकतात. आयाळीच्या मुळाशी केस बाजूला करून नीट पाहिलं तर उवा साध्या डोळ्यांनी दिसतात. नायट्याची खाज या सगळ्यांपेक्षा सौम्य असते, काही घोड्यांना तर ती जाणवतही नाही. तो ओळखायचा केसांवरून. सुरुवातीला बोटाच्या पेराएवढ्या जागेतले केस उभे राहतात, गांधीलमाशी चावल्यासारखा फुगवटा येतो. काही दिवसांत ते केस चिमटीत धरले की पुंजक्यानं हातात येतात, आणि खाली राखाडी, कोंडा धरलेली कातडी उघडी पडते. चट्टे बहुतेक वेळा तंग, खोगीर आणि म्होरकी जिथे घासते तिथून सुरू होतात.

असं का होतं ते समजलं की पुढचे उपाय आपोआप पटतात. घोड्यांत हा रोग बहुतेक वेळा 'ट्रायकोफायटन इक्विनम' ही बुरशी करते. तिचं खाद्य म्हणजे केरॅटिन, केस आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्याचा बनलेला असतो तो पदार्थ. धडधाकट, कोरड्या कातडीत तिला सहसा शिरता येत नाही. घामानं भिजलेल्या कातडीवर तंगाचा पट्टा घासला आणि बारीक ओरखडे उठले, की तिला वाट मिळते. जिवंत पेशींत ती खोल जात नाही. शरीर तिच्याविरुद्ध दाह उठवतं, त्या जागी तिचं जगणं कठीण होतं आणि ती कडेकडेनं बाहेर सरकते. म्हणून चट्टा गोल वाढतो, आणि मधे नवे केस येत असतानाही कडेला रोग जागा असतो.

खरी अडचण तुटलेल्या केसांची आहे. बुरशीनं पोखरलेला केस ठिसूळ होऊन मोडतो आणि त्याच्या तुकड्यावर बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, चिकटलेले असतात. लाकडाच्या फटीत, झुलीच्या विणीत, खराऱ्याच्या दातांत हे तुकडे अडकले तर बीजाणू महिनोन् महिने, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी वर्षभरही तग धरतात. घोडा स्वतः बहुधा दीड ते तीन महिन्यांत औषधाशिवायही बरा होतो, कारण तोवर त्याची प्रतिकारशक्ती जागी झालेली असते. मग औषध कशाला? तर बीजाणूंचा पाऊस थांबवायला. दोन-तीन वर्षांच्या आतली शिंगरं आणि अशक्त घोडे आधी सापडतात, शिवाय हा नायटा माणसालाही होतो. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या मनगटावर लाल गोल चट्टा उठला, तर पागेत नायटा असल्याचा संशय घ्यावा.

खात्रीसाठी पशुवैद्याकडून नमुना तपासून घ्यावा. चट्ट्याच्या मधल्या भागातले केस घेऊ नयेत, तिथली बुरशी बहुधा मेलेली असते. कडेचे केस चिमट्यानं मुळासकट उपटायचे, सोबत थोडा कोंडा खरवडायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि भलतीच बुरशी वाढते. आधी मलम लावलेलं असेल तर नमुना फसवा निघतो. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढायला दहा दिवस ते तीन आठवडे लागू शकतात. घोडा वेगळा करायला आणि धुवायला मात्र त्या निकालाची वाट पाहू नये. तपासणीच्या जांभळ्या (अतिनील) दिव्याखाली चट्टा चमकला नाही म्हणून नायटा नाही, असंही धरू नये. मांजरा-कुत्र्यांतली एक बुरशी त्या उजेडात चमकते, घोड्याची ही चमकत नाही.

आता उपचार. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती फक्त दिसणाऱ्या चट्ट्यांना मलम लावण्याची. आजूबाजूचे, वरून धड दिसणारे केसही बीजाणूंनी माखलेले असतात. पशुवैद्य बहुधा एनिलकोनाझोल या बुरशीनाशकाचं 0.2 टक्के द्रावण देतात. मूळ औषध 10 टक्क्यांचं असेल, तर एक भाग औषध आणि 49 भाग पाणी, म्हणजे 100 मिलिलिटर औषधात पाणी घालून एकूण पाच लिटर करायचं. पहिल्या दिवशी कानांपासून खुरांपर्यंत सगळं अंग भिजवायचं, डोळे तेवढे जपायचे. नंतर चट्टे आणि भोवतालची कातडी दर तीन दिवसांनी, एकूण चार वेळा धुवायची. खपल्या कोरड्या असताना कधीच खरवडू नयेत, त्यानं केसांची धूळ उडते आणि कातडीवर नवे ओरखडे पडतात. द्रावणानं भिजवून मऊ झाल्या की त्याच द्रावणात बुडवलेल्या ब्रशनं अलगद सोडवाव्यात. हे औषध मिळत नसेल तर 2 टक्के क्लोरहेक्सिडीन आणि 2 टक्के मायकोनाझोल असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा वापरतात. तो अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहायला हवा, आणि ती घड्याळ लावूनच मोजावीत. फेस करून लगेच धुतलेला शॅम्पू घोड्याला स्वच्छ करतो, बुरशीला फारसं काही करत नाही.

औषध दाट केलं की लवकर गुण येतो, हा समज घोड्याला फार महाग पडतो. दाट द्रावणानं कातडी भाजते, खाज दुप्पट होते, आणि भाजलेल्या कातडीत बुरशीला नवं दार मिळतं. रॉकेल आणि इंजिनाचं जळकं तेलही असंच छळतं. स्टेरॉइडच्या मलमानं दोन दिवस लाली आणि खाज कमी झालेली दिसते, पण शरीराचा पहाराच उठतो आणि चट्टा मोकाट पसरतो. पोटात देण्याच्या ग्रिसिओफल्विन या बुरशीनाशकामुळे गर्भात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे गाभण घोडीला ते देत नाहीत.

खाज शमवायला थंड पाणी चांगलं, गरम पाण्यानं ती भडकते. जव-ओटच्या बारीक पिठाचा शॅम्पू कातडी शांत करतो, पण औषधाच्या दिवशी तो आधी वापरून पूर्ण धुवावा आणि मग औषध लावावं. धुतल्यावर पाणी निथळून घोडा हवेशीर जागी पूर्ण सुकू द्यावा. ओल्या अंगावर झूल टाकणं म्हणजे बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही देणं. चट्टे भरेपर्यंत तंग आणि खोगीर चढवू नये. केस मशीननं कापण्याचा मोहही टाळावा, त्यानं कापलेले केस पागाभर उडतात.

घोडा ज्या दिवशी पहिल्यांदा धुतला, त्याच दिवशी त्याचं सामानही धुवायला हवं, नाहीतर स्वच्छ घोड्यावर आपणच पुन्हा बीजाणू चढवतो. झुली आणि खोगिराखालचे गादीपट्टे आधी झटकू नयेत. आहेत तसेच पाण्यात बुडवून केस काढावेत आणि 60 अंशांवर, यंत्र ठासून न भरता, दोनदा धुवावेत. खरारा आणि ब्रश साबणानं घासून, अडकलेले केस काढून मग जंतुनाशकात बुडवावेत. लाकडी पाठीचा, फाटलेला जुना ब्रश वाचवण्यात अर्थ नाही, तो जाळावा. कातड्याच्या सामानाला ब्लीच लावलं तर कातडं चिरतं, म्हणून ते साबणानं पुसून वर सांगितलेल्या एनिलकोनाझोलच्या द्रावणानं पुसावं आणि सावलीत वाळवावं.

ठाणासाठी घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, चालतं. मात्र शेण, माती आणि केसांवर टाकलं तर ते त्यांतच खर्ची पडतं. आधी सगळा गवताचा थर काढायचा, भिंती आणि जमीन डिटर्जंटनं घासायची, भरपूर पाण्यानं धुवायची, मग ब्लीच लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मुताच्या अमोनियावर ब्लीच पडलं तर छातीत घुसणारा विषारी वायू सुटतो. म्हणून नुसत्या मुतानं भिजलेल्या जमिनीवर ते ओतू नये, घोडा बाहेर बांधावा आणि दारं उघडी ठेवावीत.

आजारी घोड्याचं काम दिवसाच्या शेवटी करावं, हातमोजे घालून, अंगावर वेगळा कपडा चढवून. त्याची म्होरकी, बादली आणि खरारा यांवर लाल रंगाची पट्टी मारली की चूक होत नाही. नवा घोडा आला तर त्याला चार आठवडे स्वतंत्र सामानासह वेगळं ठेवावं, कारण संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. वेगळं ठेवणं कधी थांबवायचं, तर सगळ्या चट्ट्यांवर केस येऊन नवा चट्टा निघेनासा झाला की. जमल्यास कडेच्या केसांचा नमुना पुन्हा तपासून घ्यावा. दर दोन दिवसांनी तंगाची जागा बोटांनी उलट्या दिशेनं चाचपावी. केस मुळाशी खरखरीत लागले किंवा चिमटीत आले, तर तिथेच थांबून धुण्याचा फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.