मे महिन्यातली मिउरा

मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना मी दरवर्षी एकदा तरी फळ्यावर लॅम्बोर्गिनी मिउरा या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन काढतो. बारा सिलिंडर, आडवं बसवलेलं, चालकाच्या पाठीला लागून. गेल्या उन्हाळ्यात चित्र काढून हात झटकले, तेवढ्यात मागच्या बाकावरून रावेरकडच्या एका मुलाने विचारलं, "सर, हाई गाडी आठे मे महिनामा चाली का?" म्हणजे, ही गाडी इथे मे महिन्यात चालेल का?

वर्ग हसला. मला प्रश्न फार आवडला. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी डांबर चपलेला चिकटतं. अशा हवेत पन्नास वर्षांपूर्वीची इटालियन गाडी नेली तर तिच्या आत काय काय होईल, हे नीट सांगायचं तर निम्मं पदार्थविज्ञान सांगावं लागतं. त्या दिवशी ब्रेकचा धडा राहून गेला आणि आम्ही हेच करत बसलो.

सुरुवात हिशोबाने केली. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. पहिल्या मिउराची ताकद ३५० हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे २६० किलोवॅट. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला पाण्यातून काढून बाहेर फेकावी लागते. घरातला गीझर २ किलोवॅटचा धरा. असे १३० गीझर एकदम चालू, आणि त्यांची सगळी उष्णता बाहेर टाकायला समोरच्या नाकातली एक जाळी.

रेडिएटर किती उष्णता टाकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं समजू. इटलीतल्या वसंतातल्या सकाळी हवा २० अंश, फरक ७०. भुसावळात दुपारी हवा ४५ अंश, फरकही ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम एक तृतीयांशाने कमी. त्यात गरम हवा विरळ असते. २० अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्क्यांनी हलकी, म्हणून रेडिएटरमधून हवा कमी जाते आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजनही कमी शिरतो. ताकद घटते ती वेगळीच.

आता ही गाडी आली कुठून ते सांगतो, कारण खान्देशातल्या माणसाला ती गोष्ट जवळची वाटेल. फेरुचियो लॅम्बोर्गिनी १९१६ साली इटलीत, पो नदीच्या सपाट शिवारातल्या शेतकरी घरात जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या वाहनांचे भाग वापरून त्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. पेट्रोल महाग होतं, म्हणून इंजिन पेट्रोलवर चालू करून मग स्वस्त इंधनावर वळवायची युक्ती त्याने केली. आपल्याकडे विहिरीवर पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारे पंप ज्यांनी ओढले आहेत, त्यांना ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही. मोटारींची कंपनी त्याने १९६३ मध्ये सांताआगाता बोलोनेझे या गावी काढली. फेरारीच्या क्लचवरून एन्झो फेरारीशी झालेल्या वादातून ती निघाली, ही कथा सगळे सांगतात. मला त्या कथेपेक्षा ट्रॅक्टर महत्त्वाचा वाटतो. शेतातलं इंजिन बांधावर उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाने ही कंपनी काढली.

मिउरा १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आली. जियान पाओलो दालारा आणि पाओलो स्टान्झानी हे तिचे तरुण इंजिनीअर, आणि बाह्यरूप बर्टोनेच्या कारखान्यातल्या मार्चेलो गांदिनीचं. चार लिटरच्या आसपासचं बारा सिलिंडरी इंजिन मधोमध आडवं बसवायचं म्हणून त्यांनी गिअरबॉक्स इंजिनच्याच ओतकामात घेतला. सुरुवातीच्या गाड्यांत दोघांना ऑईलही एकच. जागा वाचली, गाडी आखूड आणि कमरेएवढी बुटकी झाली. पण एवढी मोठी भट्टी माणसाच्या पाठीमागे काचेपलीकडे आणि रेडिएटर पार पुढे, हा संसार उष्णतेच्या दृष्टीने कठीणच.

त्या काळच्या सगळ्याच मध्यभागी इंजिन असलेल्या इटालियन गाड्या या एका अडचणीशी झुंजत होत्या, हे त्यांच्या अंगावर वाचता येतं. लॅम्बोर्गिनीच्याच १९७१ च्या पहिल्या काउंटाचला बाजूला नुसत्या बारीक फटी होत्या. चाचण्यांत इंजिन तापायला लागलं, म्हणून १९७४ मध्ये विक्रीला आलेल्या गाडीच्या खांद्यांवर हवा गिळणारे मोठे खोके आले आणि दारांमध्ये खोलगट खाचा आल्या. आज पोस्टरवर जे रूप आपल्याला रांगडं वाटतं, त्यातलं बरंचसं हवेची वाट करण्यापायी आलेलं आहे. फेरारीच्या ५१२ बीबीमध्ये रेडिएटर पुढे होता आणि गरम पाण्याचे नळ मागच्या इंजिनपासून बसायच्या जागेजवळून पुढे जात, त्यामुळे आत बसणाऱ्याला धग लागे. १९८४ च्या टेस्टारोसामध्ये त्यांनी रेडिएटर मागे दोन्ही कुशींत नेले. तिच्या दारांवरच्या त्या लांब आडव्या पट्ट्या त्याच हवेच्या तोंडावरची जाळी आहे.

एवढं ऐकल्यावर त्या मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे नाही चालणार?"

मी म्हटलं, चालेल. धावत असेल तर चालेल. अवघड आहे ते तिला थांबवणं.

हे मी लहानपणी शिकलो. वडिलांची कार्बोरेटरवाली जुनी गाडी होती. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. एका मे महिन्यात लग्नाला निघालो असताना चाळीसगाव ओलांडून कन्नडच्या घाटात वर मोठी गर्दी होती. दहा मिनिटं थांबलो, वडिलांनी इंजिन बंद केलं आणि मग गाडी चालूच होईना. सेल्फ फिरत होता, बॅटरी उतरत होती. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला, बोनेट उघडलं, पेट्रोल पंपाला हात लावून पटकन मागे घेतला आणि म्हणाला, "अण्णा, पेट्रोल उकळलं. ओलं फडकं टाका." बंपरला कापडी छागळ टांगलेली होती. वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळला. टॉवेलमधून वाफ निघताना मी पाहिली. पाच-सात मिनिटांत गाडी एका झटक्यात चालू झाली.

ट्रक ड्रायव्हर अगदी खरं बोलला होता. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मिलाफ असतो आणि त्यातले सगळ्यात हलके भाग ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. इंजिन चालू असताना ताजं, त्या मानाने थंड पेट्रोल सतत वाहत असतं, पाणी फिरत असतं, पंखा हवा ओढत असतो. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं, पण लोखंडात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये साठलेली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते. बंद केल्यावर पहिली काही मिनिटं कार्बोरेटर आणि पंप चालत्या गाडीतल्यापेक्षा जास्त तापतात. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात आणि द्रव ओढायला बनवलेला पंप वाफेपुढे हात टेकतो. डिझेल इंजिनने एअर घेतली की जसं होतं, तसंच काहीसं.

आणि ओला टॉवेल? १०० ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. आपली हवा कोरडी, म्हणून वाफ झपाट्याने होते. छागळीत पाणी गार राहतं ते याच कारणाने, आणि जळगावात कूलर लागू पडतो, मुंबईत पडत नाही, तेही याच कारणाने. खान्देशाचा उन्हाळा रेडिएटरला मारक, पण ओल्या फडक्याला पोषक. हे मला अजूनही सुंदर वाटतं.

मिउरात वेबर कंपनीचे तीन-तीन नळ्यांचे चार कार्बोरेटर इंजिनच्या डोक्यावर उभे असतात. एकूण बारा तोंडं, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं. खालून येणारी सगळी धग त्यांनाच लागते. काही मिउरांना आगी लागल्या त्या याच भागात: संथ चालीवर कार्बोरेटरपाशी पेट्रोल साचतं, नळीचं रबर कडक होऊन तडकतं, एखादा थेंब तापलेल्या भागावर पडतो. म्हणून जाणता मालक नळ्या वेळेआधी बदलतो आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवतो.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने मला आनंदच आहे, आपल्या शेतातला मका त्यात जातो. पण ते जुन्या रबराला खातं, हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पेट्रोलच्या मानाने त्याला जळायला कमी हवा लागते. नव्या गाडीतला संगणक मिश्रण आपोआप सुधारतो. कार्बोरेटरला संगणक नसतो, त्याला फक्त पेट्रोल मापून सोडणारे पितळी जेट असतात. बारा तोंडांचे जेट बदलून सगळ्यांची चाल एकसारखी करणं हे कान आणि संयम असलेल्या मिस्त्रीचंच काम, आणि असे मिस्त्री जगातच थोडे उरले आहेत.

थांबण्याचा दुसरा त्रास मिनिटांचा नसून वर्षांचा असतो. अनेक जुन्या फेरारींमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची तोंडं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा, चालवणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. गाडी पाच वर्षांत ५०० किलोमीटर चालली तरी पट्टा पाच वर्षांनी जुना होतो. डाळमिलचा पट्टा तुटला तर मिल थांबते, पुढे काही होत नाही. इथे पट्टा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि एका सेकंदात इंजिनची वाट लागते. टेस्टारोसाचा पट्टा बदलायचा तर आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी विकत घेणं त्या मानाने सोपं; पट्ट्याचं बिल देताना मालकाची कसोटी लागते.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जवळून दाखवतो. त्या काळच्या काही फेरारींच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत सोडियम भरलेलं असतं. पूर्ण नाही, थोडी जागा मोकळी सोडून. सोडियम ९८ अंशांना वितळतं. इंजिन तापलं की दांडीत तो चकाकता द्रव होतो. इंजिनच्या मिनिटाला ७००० फेऱ्या होत असताना व्हॉल्व्ह मिनिटाला ३५०० वेळा खाली-वर होतो आणि आतलं सोडियम बाटलीतल्या तेलासारखं वर-खाली आदळतं. लालबुंद डोक्याची उष्णता उचलतं, दांडीत आणून सोडतं, तिथून ती गाइडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, आणि पुढे पाण्यात जाते. बोटाएवढ्या दांडीत असा कूलर बसवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मग मुलांना आवाजाचं गणित घातलं. बारा सिलिंडरी चार-स्ट्रोक इंजिन एका फेरीत सहा वेळा पेटतं. मिनिटाला ७००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ७०० स्फोट. तीन सिलिंडरी ट्रॅक्टर २००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा पेटतो. ट्रॅक्टरचे ठोके छातीत जाणवतात, मिउराचे ठोके एकमेकांत मिसळून सूर होतात. एका मुलाने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून भोवती चौकोन केला.

चालवण्याबद्दल मी थोडंच सांगू शकतो. मुंबईत जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात सत्तरच्या दशकातल्या फेरारीत तिच्या मालकांनी मला बसू दिलं. क्लच ट्रॅक्टरसारखा जड. गिअरच्या दांडीभोवती धातूची खाचांची उघडी पट्टी, आणि दांडी खाचेत गेली की चिमट्यासारखा टक आवाज. पहिला गिअर डावीकडे खाली, दुसरा त्याच्या तिरप्या रेषेत वर. मालक म्हणाले, "थंड असताना दुसरा मागू नका, ती देणार नाही." गिअरबॉक्सचं ऑईल थंडीत घट्ट असतं, दोन दात्यांची गती जुळवणारी पितळी कडी त्या घट्ट ऑईलमधून पकड घेऊ शकत नाही. जोर केला तर दात खरवडतात. म्हणून पहिल्यावरून सरळ तिसरा टाकायचा आणि ऑईल तापायची वाट पाहायची.

त्या मुलाने शेवटी विचारलं, "मग आपल्याकडे कधी चालवायची, सर?" कायद्याची बाजू मी आधी सांगितली: ५० वर्षं झालेल्या गाड्यांची २०२१ पासून वेगळी 'व्हीए' नोंदणी होते, रोजच्या वापराला मनाई, पण रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर आणता येते. मग आम्ही सगळ्यांनी मिळून बेत आखला. जानेवारी, हवा १० अंश, पाणी आणि हवेतला फरक ८०, भुसावळच्या मे महिन्याच्या जवळजवळ दुप्पट. पहाटे साडेपाचला जळगावातून चोपड्याच्या दिशेने निघायचं, रस्त्यावर केळीच्या गाड्या यायच्या आत. कुठे चहाला थांबायचं नाही. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, पानांवर दव, आणि विदगावचा तापीवरचा पूल येईपर्यंत दुसऱ्या गिअरला हात लावायचा नाही.