परीक्षेचं टेन्शन एवढं वाढलं कसं? नागपूरच्या नजरेतून थोडी पार्श्वभूमी

फेब्रुवारी लागला की नागपुरात दहावी-बारावीवाल्या घरांत टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि कोणीतरी मोठं माणूस म्हणतंच की आमच्या वेळी नव्हतं बाप्पा असलं टेन्शन. त्यांचं म्हणणं खोटं नाही पण अर्धंच आहे, कारण मधल्या पन्नास वर्षांत परीक्षाच पार बदलून गेल्या.

आधी अकरावीची मॅट्रिक होती. मग १०+२+३ आलं, म्हणजे दहावी, मग दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज आणि तीन वर्षं डिग्री, १९७५ ला पहिल्यांदा दहावीची बोर्ड परीक्षा झाली आणि पाठोपाठ बारावी आली. नागपुरात बारावीला लगेच वजन आलं कारण पुढची दारं मोजकीच, सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ चं, इंजिनिअरिंगचं व्हीआरसीई म्हणजे आताचं व्हीएनआयटी १९६० चं, मेयो हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेज १९६८ चं, आणि गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंतच्या हुशार पोट्ट्यांचा डोळा त्याच सीटांवर. टेन्शन तेव्हाही होतंच, मेरिटवाल्यांचे फोटो पेपरात यायचे आणि बाकीच्यांना घरी ऐकावं लागायचं. पण पेपर संपले की निकालापर्यंत तरी सुटका व्हायची.

पुढे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी राज्याची सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा आली. पण खरा घोळ माझ्या मते नीटपासून, म्हणजे मेडिकलसाठी देशभर एकच असलेल्या प्रवेश परीक्षेपासून सुरू झाला. २०१३ च्या मे महिन्यात पहिली नीट झाली, जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, राज्य परत सीईटीवर. मग २०१६ मध्ये २८ एप्रिलला कोर्टाने सांगितलं की याच वर्षी नीट घ्या, पहिला टप्पा १ मेला, दुसरा २४ जुलैला, आणि इकडे राज्याची सीईटी होती ५ मेला! पेपर तोंडावर असताना पोरांना कळेना की धरायचं काय, सीईटीसाठी स्टेट बोर्डाचं पुस्तक की नीटसाठी एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राचं, सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि नीटमध्ये उत्तर चुकलं की एक मार्क कापला जातो, म्हणजे पेपर सोडवायची सवयच वेगळी. २४ मेला अध्यादेश निघाला, सरकारी सीटांना त्या वर्षापुरती नीटमधून सूट मिळाली, पण तो महिना त्या घरांनी कसा काढला असेल याचा विचार करा. २०१७ पासून नीट पक्की झाली. इंजिनिअरिंगवाल्यांना देशपातळीवरची प्रवेश परीक्षा जेईई मेन २०१९ पासून वर्षातून दोनदा, मधे बोर्ड, मग सीईटी. दुसरा चान्स मिळाला हे चांगलंच झालं, पण टेन्शनचा सीझन जानेवारी ते मे असा लांबला.

याच काळात कॉलेज आणि कोचिंग क्लासचे टाय-अप वाढले. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, दिवस सगळा क्लासमध्ये, कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलपुरतं. जिल्ह्यांतून आलेली सोळा वर्षांची पोरं रूम करून राहतात, मेसचं जेवतात, दर आठवड्याला टेस्ट आणि टेस्टप्रमाणे बॅच वर-खाली. आधी निदान कॉलेजातले एखादे सर चेहरा पाहून विचारायचे की काय झालं, ते माणूसच मधून गेलं, आणि मला हे सगळ्यात जास्त लागतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. १९९३ मध्ये केंद्राच्या यशपाल समितीने सांगून टाकलं होतं की पोरांवर न समजणाऱ्या अभ्यासाचं ओझं आहे. आपल्याकडे मेरिट लिस्ट बंद झाली, २०१० ला दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे, २०२३ पासून पेपरला शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. पण हे सगळं मार्क आणि पेपरभोवतीच फिरलं. मनाच्या मदतीचं म्हणाल तर परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे नंबर देतं, आणि १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्याच वर्षी गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या नोंदीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. एवढ्या उशिरा मदत आली!

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सांगितलं की सोळा वर्षांखालच्या पोरांना कोचिंगमध्ये घेऊ नका. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, ज्या शिक्षण संस्थेत १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथे समुपदेशक ठेवा, मार्कांवरून बॅचेस पाडू नका, असं बजावलं, कोचिंग क्लासेससकट. तेव्हा धरमपेठ असो की नंदनवन, ॲडमिशन घ्यायला गेलात की फी आणि रिझल्टसोबत समुपदेशक कोण आहेत, कोणत्या दिवशी बसतात आणि बॅच कशावरून पाडता हेही विचारा.